सुशिक्षित, नोंदणीकृत आणि बेरोजगार

(तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)

'मराठी विभागात या वर्षी लेख कमी आलेत, तू एक दे,' असं मॅडम म्हणाल्या तेव्हा मी चक्क हसले. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालेलं. शाळेत मराठी बोललं की सिस्टर डोळे वटारायच्या. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका झाल्या तर वाचकांनी मोठ्या मनाने पोटात घालाव्यात. पण विषय मात्र असा आहे की तो मला इंग्रजीत सुचलाच नाही. कारण तो आमच्या घरात, कपाटातल्या एका प्लॅस्टिकच्या पिशवीत आहे.

आम्ही अंबरनाथचे. दिवाळीच्या साफसफाईत त्या पिशवीत बाबांचं एक जुनं कार्ड सापडलं. कडा झिजलेल्या, शाई उडालेली, पण नोंदणी क्रमांक अजून वाचता येतो. सेवायोजन कार्यालयाचं कार्ड! बाबांनी १९८९ साली आयटीआय झाल्यावर नाव नोंदवलं होतं. मुदत संपली की जाऊन नूतनीकरण करायचं, रांगेत उभं राहायचं, शिक्का मारून घ्यायचा. मी विचारलं, "बाबा, मग कॉल आला का?" बाबा म्हणाले, "एकदा आला. एक जागा होती. आम्ही इतके जण बसलो होतो की बाकं पुरली नाहीत." एवढं बोलून त्यांनी कार्ड परत पिशवीत ठेवलं. टाकून दिलं नाही. का टाकलं नाही, हे मी विचारलं नाही.

त्याच दिवशी संध्याकाळी माझा चुलतभाऊ बदलापूरहून आला. तो डिप्लोमा मेकॅनिकल. त्याच्या मोबाईलमध्येही एक नोंदणी क्रमांक होता, महास्वयं पोर्टलचा. म्हणजे पस्तीस वर्षांत कार्डाचं पोर्टल झालं, रांगेचं लॉगिन झालं, पण आमच्या घरात नोंदणी क्रमांक कायम! तेव्हा ठरवलं, की बेरोजगार तरुणांसाठी सरकार नक्की करतं तरी काय, ते कसं चालतं आणि कुठे अडतं, याचा नीट अभ्यास करायचा. आपण सगळे वर्षा-दोन वर्षांत त्याच दारात उभे राहणार आहोत. कॅम्पस इंटरव्ह्यूत सगळ्यांचं नाव लागत नाही, हे होस्टेलमध्ये कुणाला सांगायला हवं का?

सुरुवात सैनिकांपासून

भारतात सेवायोजन कार्यालयं, म्हणजे एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज, सुरू झाली ती १९४५ साली. दुसरं महायुद्ध संपत आलं होतं आणि फौजेतून सुटणाऱ्या हजारो जवानांना नागरी नोकऱ्यांत सामावून घ्यायचं होतं. त्यासाठी पुनर्वसन व सेवायोजन असं खातं उभं राहिलं. १९४७ ला फाळणी झाली आणि निर्वासितांचं काम त्याच खात्याच्या गळ्यात पडलं. १९४८ पासून कार्यालयं सर्वांसाठी खुली झाली, आणि १ नोव्हेंबर १९५६ पासून त्यांचा रोजचा कारभार राज्यांकडे आला.

आपल्या भागाचा या इतिहासाशी अगदी जवळचा संबंध आहे. उल्हासनगर म्हणजे मुळात कल्याणजवळची लष्करी छावणी. म्हणून आजही तिथे पत्ता सांगताना 'कॅम्प नंबर तीन', 'कॅम्प नंबर पाच' असंच म्हणतात. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना त्या बराकींत ठेवलं गेलं आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल सी. राजगोपालाचारी यांच्या हस्ते 'उल्हासनगर' हे नाव मिळालं. त्या लोकांनी नोकरीची वाट फार पाहिली नाही. पापड, लोणची, कापड, फर्निचर, पुढे जीन्स, जे जमेल ते बराकीत सुरू केलं. 'मेड इन यूएसए' म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' हा विनोद आपण सगळे करतो. पण त्यामागे काम शोधायला निघालेल्या माणसांचं एक अख्खं शहर आहे, हे विसरतो.

अंबरनाथची गोष्ट वेगळी. तिथे कारखाने आले. स्वातंत्र्याआधी विमकोचा काडेपेटीचा कारखाना, १९५० च्या दशकात ऑर्डनन्स फॅक्टरी, आणि १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाल्यानंतर हळूहळू औद्योगिक वसाहती. बदलापूरलाही एमआयडीसी आली, आणि बदलापूरजवळचं बारवी धरण या सगळ्या पट्ट्याला पाणी देऊ लागलं. म्हणजे एका स्टेशनावर स्वयंरोजगार, पुढच्या स्टेशनांवर नोकरी. बेरोजगारीवरची सरकारची दोन्ही औषधं आपल्याला एकाच लोकलमध्ये बघायला मिळतात.

कायदा काय म्हणतो?

आता बाबांच्या कार्डाकडे येऊ. १९५९ साली संसदेने एक कायदा केला. त्याचं लांबलचक नाव बाजूला ठेवू. अर्थ असा, की रिकाम्या जागा सेवायोजन कार्यालयाला कळवणं सक्तीचं. १ मे १९६० पासून तो लागू झाला. सरकारी आस्थापना त्यात आल्याच, शिवाय २५ किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या खाजगी आस्थापनाही आल्या.

वाचायला किती छान वाटतं! पण कायदा पुढे वाचला की खरी गंमत कळते. जागा कळवायचं बंधन आहे. कार्यालयाने पाठवलेल्या माणसाला घ्यायचं बंधन नाही. तसं कायद्यातच स्पष्ट लिहिलं होतं. तीन महिन्यांपेक्षा कमी मुदतीची कामं, घरकाम, शेतीतली कामं वगळलेली. आणि जागा कळवली नाही तर दंड किती? पहिल्या वेळी जास्तीत जास्त ५०० रुपये, पुढच्या वेळी १००० रुपये. आमच्या होस्टेलमध्ये मेसची थाळी टाकली तरी यापेक्षा जास्त बोलणी खावी लागतात.

तरीही सरकारी नोकऱ्यांसाठी बरीच वर्षं हे कार्ड महत्त्वाचं होतं. जागा निघाली की कार्यालय त्या कामाच्या सांकेतिक क्रमांकाची कार्डं काढायचं, नोंदणीची ज्येष्ठता बघायचं आणि नावं पाठवायचं. म्हणून तर लोक नूतनीकरण चुकू द्यायचे नाहीत. एकदा नोंदणी बाद झाली की ज्येष्ठता गेली. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात सांगितलं, की फक्त सेवायोजन कार्यालयाच्या यादीवर भरती करणं पुरेसं नाही, वर्तमानपत्रांत जाहिरात देऊन इतरांनाही संधी द्यायला हवी. न्यायाच्या दृष्टीने हे बरोबरच होतं. ज्याला कार्यालय माहीत नाही, त्याने काय पाप केलं? पण त्या दिवसापासून कार्डाचं वजन उतरलं.

पुढे कार्यालयाचं नाव मात्र वाढत गेलं. सेवायोजन कार्यालय, मग रोजगार व स्वयंरोजगार मार्गदर्शन केंद्र, आणि आता जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र. आपल्या जिल्ह्याचं केंद्र ठाण्याला आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि १९५९ चा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला. त्यात एक्स्चेंजचं नाव 'करिअर सेंटर' झालं आहे. म्हणजे आता तर थेट माझ्या कॉन्व्हेंटच्या भाषेत!

खेड्याला हमी, शहराला काय?

बेरोजगारांसाठीच्या कामात महाराष्ट्राने देशाला एक मोठी देणगी दिली, ती म्हणजे रोजगार हमी योजना. वि. स. पागे यांची ही कल्पना. १९६५ च्या सुमारास सांगली जिल्ह्यात तासगाव भागात तिचा प्रयोग झाला. १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर कामी आली. १९७७ साली कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. 'मागेल त्याला काम' हा सरकारचा उपकार न राहता हक्क झाला. २००५ साली केंद्राने ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला, त्याच्या मागे हाच अनुभव होता.

या योजनेसाठी पैसा कुठून आला? त्यासाठी राज्याने १९७५ साली व्यवसाय कर आणला. शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या मजुरासाठी थोडं द्यायचं. बाबांची पगाराची स्लिप मी बघितली आहे: दर महिन्याला २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००, म्हणजे वर्षाला २,५०० रुपये. बाबांना हे कशासाठी कापतात ते माहीत नव्हतं. मी सांगितलं तेव्हा म्हणाले, "चांगलं आहे की मग."

चांगलं आहेच. पण हमी खेड्याला होती. मोठी नगरपालिका किंवा महानगरपालिका आली की ती थांबते. शहरासाठी १ डिसेंबर १९९७ पासून स्वर्णजयंती शहरी रोजगार योजना होती, २०१३ मध्ये तिच्या जागी राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियान आलं आणि तेही २०२४ मध्ये संपलं. त्यात प्रशिक्षण होतं, छोटं कर्ज होतं, बचत गट होते. पण 'मागेल त्याला काम' नव्हतं. बदलापूरसारख्या गावाचं शहर झालं, शेतांवर टॉवर उभे राहिले, आणि एका हक्काची हद्द गुपचूप मागे सरकली.

शिका आणि कमवा

तिसरा मार्ग प्रशिक्षणाचा. मला विचाराल तर सगळ्यात जुना आणि सगळ्यात भरवशाचा. १९५० पासून आयटीआय सुरू झाल्या. अंबरनाथची सरकारी आयटीआय आमच्या भागातल्या कितीतरी घरांना माहीत आहे. १९६१ चा अप्रेंटिस कायदा म्हणजे शिकाऊ उमेदवारांचा कायदा. तो आधी कारागिरांसाठी होता, १९७३ च्या दुरुस्तीने पदवीधर आणि पदविकाधारक अभियंतेही त्यात आले. म्हणजे आपण!

हे कसं चालतं ते नीट समजून घ्या, कारण आपल्या वर्गात हे निम्म्या लोकांना माहीत नाही. ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. ४ ते २९ माणसं असतील तर घ्यायचे की नाही ते मालकाच्या मर्जीवर. २०१९ च्या नियमांनुसार पदवीधराला महिन्याला किमान ९,००० आणि पदविकाधारकाला किमान ८,००० रुपये विद्यावेतन ठरलं. पदवीधर आणि पदविकाधारकांच्या राष्ट्रीय योजनेत, जिला सगळे 'नॅट्स' म्हणतात, या किमान रकमेचा अर्धा भाग केंद्र सरकार देतं. पश्चिम विभागाचं कार्यालय शीवला आहे, त्याला 'बोट' म्हणतात. आमच्या एका सिनिअरने पत्ता विचारला तर मित्राने त्याला गेट वे ऑफ इंडियाला पाठवलं होतं!

अंबरनाथच्या दोन संरक्षण कारखान्यांचं उदाहरण घेऊ. ऑक्टोबर २०२१ मध्ये ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड बरखास्त होऊन त्याच्या सात कंपन्या झाल्या. अंबरनाथची ऑर्डनन्स फॅक्टरी यंत्र इंडिया लिमिटेडकडे गेली आणि मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी आर्मर्ड व्हेइकल्स निगमकडे. इथे शिकाऊ उमेदवारांची जाहिरात निघते. पण लक्षात ठेवा, अप्रेंटिस म्हणजे नोकरी नाही. मुदत संपली की नोकरी देण्याचं बंधन नसतं. तरी हातात खरं मशीन येतं, आणि ते कुठल्याच पुस्तकात मिळत नाही.

याशिवाय २०१५ पासून प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना आहे, त्याच वर्षी नॅशनल करिअर सर्व्हिस हे पोर्टलही सुरू झालं. २०२४ मध्ये प्रधानमंत्री इंटर्नशिप योजना आली: वय २१ ते २४, मोठ्या ५०० कंपन्या, महिना ५,००० रुपये आणि एकदाच ६,००० रुपये. पहिल्या फेरीत पूर्णवेळ शिकणाऱ्यांना आणि आयआयटीच्या पदवीधरांना तीत जागा नव्हती. आयआयटीवाल्यांना नाही म्हणणारी योजना वाचून आमच्या रूमवर टाळ्या वाजल्या.

अकरा महिने

आता दादाची गोष्ट. ९ जुलै २०२४ ला राज्य सरकारने 'मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना' जाहीर केली. पेपरवाल्यांनी लगेच तिला 'लाडका भाऊ' म्हटलं. वय १८ ते ३५. बारावी झालेल्याला महिना ६,०००, आयटीआय किंवा पदविकेला ८,०००, पदवीधराला १०,००० रुपये. सहा महिने प्रत्यक्ष कामावर प्रशिक्षण. वर्षाला १० लाख संधी, असं उद्दिष्ट. आपण इंजिनिअर आहोत, तर गणित करू. सगळे मधल्या पातळीचे धरले तरी ८,००० गुणिले ६ म्हणजे माणशी ४८,००० रुपये आणि १० लाखांचे ४,८०० कोटी. सरकारने खिशात हात घातला नाही, असं कुणी म्हणू शकत नाही.

दादाला एका सरकारी कार्यालयात जागा मिळाली. काकूंनी पेढे वाटले. मेकॅनिकलचा डिप्लोमा झालेला माझा दादा सकाळी फायलींना नंबर घालायचा, दुपारी संगणकावर यादी भरायचा, संध्याकाळी झेरॉक्स. तो तक्रार करत नव्हता. "साहेब चांगले आहेत गं, डबा खायला सोबत बोलावतात," असं म्हणायचा. मार्च २०२५ मध्ये सरकारने मुदत पाच महिन्यांनी वाढवली, एकूण अकरा महिने झाले. ८,००० गुणिले ११, म्हणजे ८८,०००. त्यातून काकूंच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. हे काही कमी नाही.

पण बाराव्या महिन्यात काय? प्रमाणपत्र मिळालं, आणि दादा घरी. राज्यभर त्याच्यासारख्या प्रशिक्षणार्थींनी 'आम्हाला कायम करा' म्हणून आंदोलनं केली. सरकारचं म्हणणं, ही नोकरी नव्हतीच, प्रशिक्षण होतं. कागदावर सरकार बरोबर आहे. पण अकरा महिने रोज डबा घेऊन जाणाऱ्या माणसाला आणि त्याच्या आईला कागद वाचता येतो का? शेजारी विचारतात, "काय रे, सुट्टी का आज?" आणि तो 'हो' म्हणतो. बदलापूर स्टेशनवर ओळखीचा कुणी दिसला की तो दुसऱ्या पुलाने उतरायला लागला. हे त्याने मला एकटीला सांगितलं होतं. लेखात लिहू का, असं मी विचारलं. म्हणाला, "लिही. नाव नको लिहू."

नोकरी मागू नका, नोकरी द्या!

चौथा मार्ग स्वयंरोजगाराचा. भाषणांत हे वाक्य नेहमी असतं. १९९३ साली पंतप्रधान रोजगार योजना आली, २००८ मध्ये तिचं आणि ग्रामीण रोजगार निर्मितीच्या योजनेचं एकत्रीकरण होऊन पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम (पीएमईजीपी) झाला. २०२२ पासून त्यात उत्पादन उद्योगाला ५० लाख आणि सेवा उद्योगाला २० लाखांपर्यंतचा प्रकल्प धरता येतो. शहरात सर्वसाधारण गटाला १५ टक्के अनुदान, ग्रामीण भागात २५. महिला, मागासवर्गीय वगैरे विशेष गटांना शहरात २५ आणि ग्रामीण भागात ३५ टक्के. स्वतःचे १० टक्के, विशेष गटाला ५ टक्के. बाकी बँकेचं कर्ज. अर्ज जिल्हा उद्योग केंद्रामार्फतही करता येतो. राज्याने २०१९ पासून मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमही सुरू केला.

समजा मी १० लाखांचं छोटं फॅब्रिकेशनचं युनिट टाकायचं ठरवलं. मुलगी म्हणून विशेष गट, शहरात २५ टक्के, म्हणजे अडीच लाख अनुदान. माझे ५०,०००. ऐकायला सोपं आहे. पण ते अनुदान लगेच हातात येत नाही. तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून राहतं, युनिट चालू असेल तर मग कर्जात वळतं होतं. हे योग्यच आहे, नाहीतर लोक अनुदान घेऊन शटर पाडतील. पण तोवर गाळ्याचं भाडं, विजेचं डिपॉझिट आणि पहिली ऑर्डर यांचं काय? योजना मशीन देते. गिऱ्हाईक देत नाही.

सिव्हिलच्या मित्रांसाठी एक वेगळी वाट आहे. आपल्या राज्यात सार्वजनिक बांधकाम खात्याकडे 'सुशिक्षित बेरोजगार अभियंता' म्हणून नोंदणी होते. ठरावीक रकमेखालच्या कामांचा ३३ टक्के वाटा या अभियंत्यांना, ३३ टक्के मजूर सहकारी संस्थांना आणि ३४ टक्के खुल्या ठेकेदारांना, अशी वाटणी आहे. सरकारी भाषेत 'सु. बे. अभियंता'. लग्नपत्रिकेत छापायला पदवी जरा अवघड आहे, पण काम खरं आहे.

गाडं अडतं कुठे?

हे सगळं वाचताना मी वहीत एक तक्ता काढला. जागा कळवायची सक्ती: १९५९ च्या कायद्यात २५ माणसांपासून. युवा कार्यप्रशिक्षणात भाग घ्यायचा तर खाजगी आस्थापनेत किमान २० माणसं. अप्रेंटिस घ्यायची सक्ती: ३० माणसांपासून.

आता आपल्या भागात फिरून बघा. अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीतले छोटे गाळे, मोरिवली आणि वडवलीचे छोटे शेड, उल्हासनगरातले शिवणकामाचे आणि फर्निचरचे कारखाने. कुठे आठ माणसं, कुठे बारा, कुठे पंधरा. त्यातलीही काही ठेकेदाराची. म्हणजे आपल्या गावांत जिथे हातांना काम आहे, तिथे सरकारची सक्ती पोचतच नाही! आणि जिथे ती पोचते, तिथे जागा कमी आणि अर्ज ढिगाने. मला वाटतं सगळ्या लेखाचं सार एवढंच आहे. सरकारी गाडी मोठ्या स्टेशनांवर थांबते, आणि आपले लोक छोट्या हॉल्टवर उभे आहेत.

दुसरी अडचण आकड्यांची. सरकारच्या श्रमशक्ती पाहणीनुसार (पीएलएफएस) १५ ते २९ वयोगटातला बेरोजगारीचा दर २०१७-१८ मध्ये १७.८ टक्के होता, तो २०२३-२४ मध्ये १०.२ टक्के झाला. चांगली बातमी. पण त्याच पाहणीत, आठवड्याच्या मोजणीत, ज्याने आठवड्यातून एक तासही काम केलं तो बेरोजगार धरत नाहीत. दादा त्या काळात शेजारच्या मुलांची शिकवणी घ्यायचा. म्हणजे आठवड्याच्या हिशेबात दादा नोकरदार! आकडा खोटा नसतो, पण तो आपल्या घरी येऊन बसत नाही.

तिसरी अडचण म्हणजे कारखानेच बंद होतात. विमकोचा भोंगा गेला. शेजारी आंबिवली-मोहन्याची एनआरसी २००९ मध्ये बंद पडली. उल्हासनगरात वालधुनी नदीच्या प्रदूषणामुळे जीन्स धुण्याच्या युनिटांवर बंदी आली. नदी वाचायलाच हवी, यात वाद नाही. पण त्या युनिटांतल्या कामगाराला दुसरं काम देणारी योजना त्याच आदेशाबरोबर निघाली असती तर?

१ ऑगस्ट २०२५ पासून केंद्राने प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजना सुरू केली. पहिल्यांदाच भविष्य निर्वाह निधीत नाव लागणाऱ्याला १५,००० रुपयांपर्यंत रक्कम दोन हप्त्यांत, आणि जास्तीची माणसं घेणाऱ्या मालकाला महिन्याला माणशी ३,००० रुपयांपर्यंत मदत. ३१ जुलै २०२७ पर्यंतच्या नोकऱ्या यात धरल्या आहेत. नोकरी देणाऱ्याचा हात सैल करायचा हा विचार मला पटतो. पण त्यासाठी गाळेवाल्याने आधी कामगाराचं नाव रजिस्टरवर घ्यायला हवं!

आपण काय करायचं?

मित्रांनो, उपदेश नाही, यादी देते. नोटीस बोर्डवर लावली तरी चालेल.

१) शेवटच्या वर्षाचा निकाल लागला की 'नॅट्स'वर लगेच नोंदणी करा. प्लेसमेंटची वाट बघत वर्ष घालवू नका.

२) महास्वयं आणि नॅशनल करिअर सर्व्हिस, दोन्हींवर नाव घाला. रोजगार मेळाव्यांच्या तारखा तिथे कळतात. मेळाव्याला बायोडाटाच्या पाच-सहा प्रती न्या.

३) सरकारी नोंदणीला पैसे लागत नाहीत. 'फॉर्म भरून देतो, आत ओळख आहे, डिपॉझिट द्या' म्हणणारा दिसला की उठून चालू लागा.

४) प्रशिक्षणाला जाताना पहिल्याच दिवशी विचारा: काम कोणतं, मुदत किती, नंतर काय? उत्तर लिहून ठेवा. घरच्यांनाही सांगा. पेढे नंतर वाटा.

५) वर्कशॉपचा जर्नल कॉपी करू नका. का, ते खाली सांगते.

आणि कॉलेजला एक विनंती. आपल्या प्लेसमेंट सेलमध्ये मोठ्या कंपन्यांची यादी आहे. एमआयडीसीतल्या पंधरा माणसांच्या गाळ्यांची यादी कुणीतरी करायला हवी. सुट्टीत आम्ही विद्यार्थी सायकलवर फिरूनही ती करू. सरकार जिथे पोचत नाही तिथे कॉलेज पोचू शकतं, अंतर फक्त तीन स्टेशनांचं आहे.

शेवटी

दादाला काम मिळालं. पोर्टलवरून नाही, मेळाव्यातून नाही. लोकलमध्ये भेटलेल्या एका ओळखीच्या काकांनी सांगितलं, की अंबरनाथला एका गाळ्यात माणूस हवा आहे. चौदा माणसांचा गाळा. मालकाने प्रमाणपत्र हातात घेतलं, बाजूला ठेवलं आणि एक जॉब पुढे करून विचारलं, "मायक्रोमीटर वाचता येतो? ड्रॉइंग कळतं?" दादाने माप घेतलं, पण हात थरथरत होता. अकरा महिने फायलींना नंबर घातलेला हात. पहिलं माप चुकलं. मालक म्हणाले, "परत घे." दुसऱ्यांदा बरोबर आलं.

"परत घे" हे दोन शब्द कुठल्या योजनेत बसतील, याचा मी बराच विचार केला. शिकलेल्या मुलाला त्याच्याच विषयात हात परत बसवायला कुणीतरी वेळ द्यावा, एवढंच तर त्याला हवं होतं. त्यासाठी लागणारे पैसे सरकारने खर्च केले होते. ते जरा वेगळ्या दारात पोचले असते तर तो हात थरथरला नसता.

दादा आता सातच्या शिफ्टला जातो. बदलापूर स्टेशनवर नेहमीच्याच पुलाने. बाबांचं कार्ड अजून त्या पिशवीतच आहे. मी म्हटलं, "बाबा, आता तरी टाकून द्या." बाबा म्हणाले, "राहू दे. तुझा निकाल लागू दे आधी."